हिडकलच्या पाण्याकाठी घर बांधताना

ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या हुक्केरी तालुक्यात हिडकल धरणाच्या फुगवट्याच्या पूर्व काठाला त्यांनी वीस गुंठे जागा बघून ठेवली आहे. जागेचा उतार पश्चिमेला, पाण्याकडे आहे. यजमान निवृत्त झालेत आणि दोघांना बारा महिने तिथंच राहायचंय. हातात आलेल्या आराखड्यात पाण्याच्या बाजूला चोवीस फूट लांब, जमिनीपासून छतापर्यंत काच आहे, वर सपाट स्लॅब आणि पुढं उघडा लाकडी डेक. त्या विचारतात, इथला उन्हाळा, पाऊस, थंडी तिन्ही टोकाची, तर हे घर टिकेल का?

ताई, घर टिकेल. तुम्ही त्यात टिकाल का, हा खरा प्रश्न. मी या पट्ट्यात बरीच वर्षं घरं बांधतोय आणि माझं स्पष्ट मत आहे की हा आराखडा चित्रात छान दिसतो, पण तो दुसऱ्या कुठल्यातरी तळ्यासाठी काढलाय.

बेळगाव जिल्ह्याचं हवामान असं एक नाहीच. मलप्रभेचा उगम असलेल्या कणकुंबीला वर्षाला ४००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. बेळगाव शहरात तो १२००-१३०० च्या आसपास येतो आणि गोकाक-सौंदत्तीकडं ५००-६०० वर थांबतो. हा सगळा फरक शंभरेक किलोमीटरांत. जुनी घरं बघत पश्चिमेकडून पूर्वेकडं गेलात तर पावसाचा नकाशा वेगळा बघावा लागत नाही. जांबोटी-खानापूरकडं उभ्या उताराची कौलं, खाली उतरलेली वळचण, चिऱ्याच्या भिंती. गोकाक, अथणीकडं जाड भिंतींची माळवदं आणि लहान खिडक्या. एकीकडं पाणी बाहेर काढायची चिंता, दुसरीकडं ऊन आत येऊ न देण्याची. हुक्केरी या दोन्हींच्या मधे सापडलाय. पाऊस कणकुंबीसारखा नाही, पण वारा उघड्या पाण्यावरून थेट येतो. उन्हाळ्यात पारा ३८-३९ पर्यंत चढतो, पण रात्री हवा गार होते. थंडीत पहाटे १२-१३ अंशांपर्यंत उतरतो, दुपारी मात्र स्वेटर काढून ठेवावा लागतो. लडाखसारखं टोक इथं कुठलंच नाही. त्रास एवढाच की एकाच भिंतीला वर्षभरात हे सगळं सोसायचं असतं. म्हणून माझा सल्ला असा: छप्पर पश्चिमेकडच्या घरांचं घ्या, भिंती पूर्वेकडच्या घरांच्या.

आता पाणी. लोक जागा बघायला बहुतेक दिवाळीनंतर येतात, तेव्हा धरण भरलेलं असतं. नाहीतर दुष्काळी वर्षाच्या उन्हाळ्यात येतात, तेव्हा दलाल पार खालपर्यंत नेऊन दाखवतो. दोन्ही वेळा फसगत ठरलेली. हिडकलची पूर्ण संचय पातळी, म्हणजे धरण पूर्ण भरल्यावरची पाण्याची पातळी, २१७५ फूट आहे. हा आकडा समुद्रसपाटीपासूनचा, आणि तुमच्या जोत्याची उंची याच आकड्यावरून ठरली पाहिजे. ‘गेल्या वर्षी पाणी त्या बाभळीपर्यंत आलं होतं’ या साक्षीवर ठरवू नका. सर्व्हेअरकडून सरकारी बेंचमार्कपासून, म्हणजे उंची ठरवून दिलेल्या पक्क्या खुणेपासून, लेव्हल आणून प्लॉटच्या चारही कोपऱ्यांवर पक्की खूण करून घ्या. जोतं पूर्ण पातळीच्या किमान दोन मीटर वर हवं असं मी धरतो. फुगवट्याच्या शेपटाकडं, म्हणजे जिथं नदी किंवा ओढा येऊन मिळतो तिथं, याहून जास्त ठेवा. कारण पुरात तिथलं पाणी धरणाच्या भिंतीपाशी असलेल्या पातळीहून वर चढतं. २०१९ चा ऑगस्ट या जिल्ह्यात कुणी विसरलेलं नाही. धरणासाठी संपादित झालेली हद्द कुठपर्यंत आहे, काठापासून किती अंतर सोडावं लागेल आणि जमीन बिनशेती झाली आहे का, हे इसार देण्याआधी नीरावरी निगमच्या (कर्नाटकचं पाटबंधारे महामंडळ) आणि तहसीलदारांच्या कार्यालयातून लेखी घ्या. तोंडी ‘होतंय की’ला अर्थ नाही.

उन्हाळ्यातलं चित्रही डोळ्यांसमोर आणा. धरण शेतीसाठी आहे, तुमच्या-माझ्या नजाऱ्यासाठी नाही. मे महिन्यात पाणी इतकं खाली जातं की धरणात बुडालेलं हुन्नूरचं विठ्ठल मंदिर उघडं पडतं आणि लोक दर्शनाला जातात. तुमच्या काचेपुढं तेव्हा भेगाळलेला गाळ, थोडी गाळपेर आणि चरणारी म्हसरं असतील. मला ते दृश्य आवडतं, पण तुम्ही चोवीस फूट काचेचे पैसे त्यासाठी देताय का? शिवाय पाण्यावरून येणारा गार वारा म्हणतात, तो पाणी जवळ असेल तोवरच गार. मे मधे तो तापलेल्या गाळावरून येतो आणि बारीक धूळ घेऊन येतो.

पश्चिमेच्या काचेचं गणित सांगतो, कारण इथंच सगळं अडलंय. एप्रिलअखेर आपल्याकडं सूर्य जवळजवळ डोक्यावरून जातो. मध्यान्ह साडेबाराच्या सुमारास होते आणि सूर्य पावणेसातला मावळतो. काचेवर नेहमीचा दोन फुटी छज्जा असेल तर अडीच वाजताच ऊन अर्ध्या काचेवर उतरलेलं असतं, आणि तिथून चार तास ते हलत नाही. साध्या सहा मिलिमीटर काचेतून उन्हातली पाचातली चार हिस्से उष्णता आत येते. महागडी दुहेरी लेपाची काच घेतली तर ती बरीच कमी होते. पण मग तुम्ही एसीचे पैसे काचेवाल्याला देताय, एवढंच.

त्याहून वाईट हाल ऑक्टोबर-नोव्हेंबरचे, आणि ते कुणी आधी सांगत नाही. तेव्हा धरण तुडुंब आणि आभाळ स्वच्छ. सूर्य माथ्यावर असताना पाणी जेमतेम दोन टक्के उजेड परतवतं. पण तोच सूर्य क्षितिजापासून दहा अंशांवर आला की संथ पाणी एक तृतीयांश उजेड आरशासारखं फेकतं. हा उजेड खालून वर येतो, म्हणून छज्जा कितीही खोल असला तरी अडत नाही. संध्याकाळी पाच ते सहा, म्हणजे नेमकी चहा घेऊन पाण्याकडं बघत बसायची वेळ, आणि तेव्हाच पडदे ओढून बसलेली घरं मी काठावर बघितली आहेत.

आणि पावसाळा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत वारा पश्चिम-नैर्ऋत्येचा. मधे अडवायला झाड नाही, घर नाही, नुसतं पाणी. तरणा आणि म्हातारा ही दोन नक्षत्रं बरसायला लागली की झड आडवी येते. बहुतेक आराखड्यांत असतात तशा सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडक्या तिथं बसवल्या तर काय होतं ते बघा. खालच्या पट्टीत पाणी साचतं आणि बाहेर जायला तिला बारीक भोकं ठेवलेली असतात. ताशी साठ किलोमीटर वाऱ्याचा दाब साधारण सतरा मिलिमीटर उंचीचं पाणी तोलून धरतो. म्हणजे बाहेर जाणारं पाणी तेवढं आतच उभं राहतं. पट्टीची आतली कड त्याहून बुटकी असेल तर ते पाणी शांतपणे तुमच्या फरशीवर उतरतं. मग सिलिकॉन मारायला माणूस येतो, पुढच्या वर्षी पुन्हा येतो. दोष माणसाचा नाही, खिडकी चुकीच्या भिंतीत आहे. पश्चिमेला बाहेर उघडणाऱ्या झडपांच्या खिडक्या घ्या, चौकटीला खाच असलेल्या, खाली बाहेर उतरता दगडी उंबरा आणि त्याच्या पोटाला पाणी तोडणारी खाच. आपल्याकडच्या सुतारांना हे सांगावं लागत नाही, ॲल्युमिनियमवाल्यांना सांगावं लागतं.

या तिन्ही दुखण्यांवर एकच उपाय माझ्या अनुभवात खरा उतरलाय, तो म्हणजे पश्चिमेला भरपूर खोल पडवी. डेक काढून टाका आणि त्या पैशात दहा फूट रुंद पडवी घ्या. तिची वळचण जमिनीपासून सात फुटांवर आणा, साडेसहावर आणलीत तर आणखी उत्तम. ‘अंधार होईल’ असं आराखडेवाले म्हणतील. होऊ दे की थोडा. पाण्याच्या उजेडाला तेवढा अंधार लागतोच. एवढी खोल पडवी असली की एप्रिलमधे ऊन घराच्या भिंतीच्या पायथ्याला सव्वाचारच्या पुढं पोचतं आणि खिडकीच्या उंबऱ्यापर्यंत चढायला सव्वापाच वाजतात. चार तासांचा मार दीड तासावर आला. उरलेल्या वेळेला बांबूच्या चिका सोडा. पावसात त्याच जागी ताडपत्रीचे किंवा जाड कापडाचे आडोसे बांधायचे. त्यासाठी खांबांना आणि जमिनीत कड्या आत्ताच बसवून घ्या, नंतर ड्रिल मारत बसू नका. पडवीच्या जमिनीला बाहेर उतार द्या, दहा फुटाला दीड इंच पुरतो, आणि फरशी खडबडीत शहाबादी ठेवा. गुळगुळीत टाइलवर जुलैमधे पाय राहत नाही. पडवीच्या एका टोकाला डासांची जाळी लावून बंद जागा करून घ्या. पहिल्या पावसात पंख फुटलेल्या वाळवीचे थवे दिव्यावर येतात, तेव्हा तिची किंमत कळते.

मोठी काच हवीच असेल तर ती उत्तरेला घ्या. तुमच्या जागेवरून उत्तरेकडं फुगवट्याचा लांबट पट्टा तिरका दिसत असणार. त्या बाजूला झड कमी, ऊन फक्त मे ते जुलै थोडं, आणि पाणी समोरून बघण्यापेक्षा असं लांबवर बघायला मला तरी जास्त आवडतं. आठ फुटांची एक बंद काच आणि तिच्या बाजूला हवेसाठी दोन अरुंद झडपा पुरे.

झोपायच्या खोल्या पश्चिमेला नकोतच. त्या दक्षिणेच्या आणि पूर्वेच्या बाजूला घ्या. आपलं ठिकाण साधारण १६ अंश उत्तर अक्षांशावर येतं, त्यामुळं डिसेंबरात दुपारचा सूर्य दक्षिणेला पन्नासेक अंशांवर असतो. दक्षिणेच्या खिडकीवर दोन फुटी छज्जा असला तर थंडीतलं ऊन आत येतं आणि मार्चपासून आपोआप अडतं. थंडीत वारा पूर्वेचा, कोरडा नि बोचरा, म्हणून पूर्वेच्या खिडक्या लहान ठेवा. पण बाहेर उन्हात बसायला एक ओटा तिकडं हवाच. यजमान सकाळचा पेपर तिथंच वाचतील, पडवीत नाही, हे मी लिहून देतो. स्वयंपाकघर आग्नेयेला येतं. इथं वास्तुवाल्यांशी माझं भांडण नाही.

छप्पर. सपाट स्लॅब हुक्केरीच्या पावसाला चालेल असं कुणी म्हणेल, कारण पाऊस तसा बेताचाच. पण स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री दहाला तुमच्या अंगावर उष्णता सोडतो, नेमकी बाहेरची हवा गार झालेली असताना. बेळगावात बघा, पाच-सात वर्षांत निम्मे लोक स्लॅबवर पत्र्याची शेड मारतात. मग आधीच उतरतं छप्पर का नको? तीस अंशांच्या आसपास उतार, रिपांवर मंगलोरी कौलं, खाली एक पाणीरोधक पत्रा किंवा चादर आणि त्याखाली लाकडी किंवा सिमेंट बोर्डाचं अस्तर. कौल आणि अस्तराच्या मधे हवा खेळली पाहिजे आणि आढ्याला ती बाहेर पडायला वाट हवी. उतरता स्लॅब टाकून त्यावर सिमेंटमधे कौलं चिकटवायची पद्धत सध्या फार चाललीय, ती टाळा. कौलाखाली गेलेलं पाणी तिथंच कोंडतं आणि स्लॅबमधे वाट शोधत शोधत घरात उतरतं. पश्चिमेच्या वळचणीच्या शेवटच्या तीन ओळी कौलांना तारेनं बांधा. वळवाचा वारा कौल खालून उचलतो, वरून दाबत नाही. पन्हळ लावणार असाल तर रुंद आणि झाकण नसलेली लावा. मी स्वतः पागोळ्या मोकळ्या सोडून खाली दगडी चर काढतो, त्यात पानं अडकत नाहीत.

भिंतींना जांभा चिरा वापरायची तुमची इच्छा आहे. चिरा ताजा काढलेला मऊ असतो आणि हवेत कडक होतो, काम करायला सुखाचा. पण तो पाणी पितो. पडवीच्या आडोशाला उघडा चिरा ठेवा, शोभतो. जिथं झड थेट लागते त्या नैर्ऋत्य कोपऱ्यात दुहेरी भिंत घ्या, मधे दोन इंच पोकळी, खाली पाणी निघायला भोकं. चिऱ्यावर ऑइलपेंट किंवा जाड प्लास्टिकचा रंग कधीच नको, आतला ओलावा अडकून गिलावा फुगतो. चुन्याचा गिलावा मिळाला तर सोनंच. जाड भिंतींचा फायदा मार्च-एप्रिलमधे कळतो. दुपारी छत्तीस आणि पहाटे वीस असा फरक असतो तेव्हा रात्री खिडक्या उघड्या ठेवून भिंती गार करून घ्यायच्या आणि सकाळी नऊला सगळं बंद करायचं. आपल्या आज्या हेच करायच्या. त्यासाठी खिडक्यांना गज आणि जाळी दोन्ही लागतात, कारण पाण्याकाठी रात्री उघडी खिडकी म्हणजे साप-विंचवांना आमंत्रण.

पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, ही तक्रार मला दर ऑगस्टला येते. पूर्वेच्या बाजूला, स्वयंपाकघराला लागून, कपड्यांसाठी वेगळी खोली काढा. वर पत्रा, भिंतीला जाळीच्या विटा. लाकडी दारं फुगतात, म्हणून उन्हाळ्यात बसवताना चारी बाजूंनी तीन मिलिमीटर फट सोडायला सुताराला बजावा. पुस्तकांची कपाटं बाहेरच्या भिंतीला टेकवू नका.

पाया मात्र जागेवर खणल्याशिवाय कुणी सांगू नये. हुक्केरीत एकाच शिवारात मुरूम, तांबडी आणि काळी माती सापडते. मे महिन्यात तीन मीटर खोल दोन खड्डे काढून बघा, एक घराच्या जागी, एक पाण्याच्या बाजूला. काळी माती निघाली तर ती पावसात फुगणार आणि उन्हाळ्यात आकसणार, आणि धरणाकाठी हे चक्र जास्तच जोरात चालतं. अशा वेळी साध्या दगडी पायावर घर ठेवू नका. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं विकसित केलेले तळाशी फुगीर कंद असलेले पाईल, म्हणजे जमिनीत ओतलेले काँक्रीटचे खांब, वापरा. साधारण साडेतीन मीटर खोल जातात, जिथं मातीची हालचाल थांबते तिथं त्यांचा कंद बसतो. वर प्लिंथ बीम, म्हणजे जोत्याच्या पातळीची आडवी तुळई, आणि बीम व मातीच्या मधे मोकळी जागा, म्हणजे फुगलेली माती बीमला उचलणार नाही. मुरूम लागला तर एवढं काही नको. घराभोवती पाच फुटांची फरसबंदी दोन्ही वेळा हवी. भूकंपाचं म्हणाल तर २०१६ च्या भारतीय मानकात बेळगाव तिसऱ्या झोनमधे आहे, तेव्हा लिंटेलच्या, म्हणजे दारं-खिडक्यांच्या माथ्याच्या, पातळीला सलग काँक्रीटचा पट्टा घाला. चिऱ्याच्या भिंतीला तो हवाच.

सेप्टिक टँक पाण्याच्या बाजूला उतारावर ठेवायचा मोह होतो, कारण पाईप सोपा पडतो. ठेवू नका. सप्टेंबरात धरण भरलं की जमिनीतलं पाणीही वर येतं आणि साफसफाईसाठी रिकामी केलेली टाकी जमिनीतून वर उचलली जाते. काळ्या मातीत शोषखड्डा मुरवतही नाही. टाकी घराच्या मागं, वरच्या अंगाला घ्या, लागलाच तर छोटा पंप बसवा, आणि बाहेर पडणारं पाणी कर्दळीच्या उंच वाफ्यातून जिरवा. बेळगावच्या नळांना राकसकोपबरोबर हिडकलचंही पाणी येतं, एवढं लक्षात ठेवलं तर याबाबत कंजुषी होणार नाही. विजेबद्दल दोनच गोष्टी: वळवात विजा फार, म्हणून आढ्यावर तडितरक्षक आणि त्याला स्वतंत्र अर्थिंग, आणि मीटर, इन्व्हर्टर पश्चिमेच्या भिंतीवर नको.

खर्च कुठं कमी करायचा विचारलंत तर आतल्या सजावटीत करा. पाया, छप्पर आणि पडवी यांना हात लावू नका. कामाची वेळही सांभाळा. खोदाई दिवाळीनंतर लगेच सुरू करा आणि रोहिणी लागायच्या आत, म्हणजे मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत, छप्पर पुरं झालं पाहिजे. ते होत नसेल तर भिंती लिंटेलपर्यंत आणून ताडपत्रीनं झाकून थांबा, अर्धवट छपरावर पाऊस घेऊ नका. आतला शेवटचा रंग आणि भिंतीत बसवायची कपाटं पहिला पावसाळा गेल्यावर करा. त्या चार महिन्यांत तुम्ही दोघं तिथं राहून बघा, कुठल्या कोपऱ्यात झड येते, कुठलं दार अडतं, पाणी कुठं साचतं त्याची वही ठेवा. ती वही गवंडी आणि सुतार दोघांना दिवाळीनंतर द्या.